तुरुंगातली सिगारेटबंदी : धूर जातो, तलफ जाते का?

पाचवा_कोपरा (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून हा धागा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत बऱ्याच देशांनी तुरुंगात सिगारेट पूर्ण बंद केलीय. कॅनडाच्या केंद्रीय तुरुंगांत २००८ पासून बंद, न्यूझीलंडने १ जुलै २०११ ला सगळीकडे एकदम बंद केली, ऑस्ट्रेलियात एकेक राज्य करत गेलं, स्कॉटलंडने ३० नोव्हेंबर २०१८ ही तारीख धरली. कारण सगळ्यांचं साधारण एकच, की तिथे काम करणाऱ्यांना आणि न ओढणाऱ्या कैद्यांना दुसऱ्याचा धूर गिळायला लागू नये. ते बरोबरच आहे, त्याला कोण नाही म्हणणार.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बाहेर ओढणारे हळूहळू कमी होतायत आणि तुरुंगात येणाऱ्यांत मात्र अजूनही दहातले सहा-सात, कुठे कुठे आठ जण ओढणारे. असा माणूस आत गेला की त्याच दिवसापासून बंद. मग वर्षभराने तो बाहेर येतो तेव्हा त्याचं व्यसन सुटलेलं असतं का, की ते नुसतं दाराबाहेर त्याची वाट बघत थांबलेलं असतं? सरकारं हे सगळं 'कैद्यांच्या आरोग्यासाठी' म्हणून सांगतात, मला ते पटत नाही. बंदी घाला, पण तिला उपचार म्हणू नका असं माझं मत. ज्यांना यातलं कळतं किंवा ज्यांनी स्वतः सोडलीय त्यांनी लिहा प्लीज.

---

टवाळ_पोर

म्हणजे सिगारेट सुटत नसेल तर एखादा छोटासा दरोडा टाकायला हरकत नाही असा धाग्याचा मथितार्थ धरू का? हलकेच घ्या.

---

रानजाई

मी जुनी ओढणारी, आता सोडलीय, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते.

न मिळणं आणि सोडणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे हो. पाय मोडून हॉस्पिटलात पडले होते तेव्हा कित्येक आठवडे एक झुरका नाही. पहिले काही दिवस जीव नकोसा झाला, नर्सवर ओरडले, जेवण ढकलून दिलं, रात्र रात्र झोप नाही. मग ते सगळं शांत झालं. मला वाटलं चला सुटली एकदाची, घरच्यांनी पण पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आणि डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी गाडीत बसायच्या आधी मी पेटवली. तलफ आली म्हणून नाही! बाहेर आल्यावर हाताला सवयच ती होती. तेव्हा धागाकर्त्याशी सहमत, शंभर टक्के.

खरी सोडली ती नंतर, कुणी काढून घेतलेली नसताना, समोर पाकीट असताना. त्याची गोष्ट वेगळी, इथे अवांतर होईल.

---

खडूस_काका

शिक्षा भोगायला गेलेत, सहलीला नाही. बायकोपोरांपासून तोडतो, मोबाईल काढून घेतो, रात्री दिवा कधी घालवायचा ते सुद्धा आपण ठरवतो, तिथे सिगारेट काढून घेतली तर एवढा गहजब कशाला? आणि आयती सुटतेय तर सुटू दे की. पुढे त्यांनी बाहेर येऊन पेटवली तर तो त्यांचा प्रश्न. सरकारने काय आयुष्यभर त्यांच्या तोंडाला पट्टी लावून बसायचं?

---

सुपर्ण

काका, 'शिक्षा भोगायला गेलेत' हे बऱ्याच लोकांना लागूच पडत नाही. तुरुंगात कच्चे कैदी पण असतात, ज्यांचा खटला अजून चालू व्हायचाय, कायद्याच्या नजरेत ते निर्दोष. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात बंदी १ जुलै २०१५ पासून लागणार होती आणि आदल्याच दिवशी रेव्हनहॉलच्या मेट्रोपॉलिटन रिमांड सेंटरमध्ये मोठी दंगल झाली, रात्रभर चालली, कर्मचाऱ्यांना बाहेर काढावं लागलं. ते रिमांड सेंटर होतं, म्हणजे कच्च्या कैद्यांचंच. ज्याला उद्या काय होणार हे माहीत नाही त्याच्याकडून तुम्ही त्याच आठवड्यात सिगारेट काढून घेताय. दंगलीचं समर्थन करत नाहीये, पण वेळ तरी बघा ना.

---

खडूस_काका

दंगल झाली म्हणून नियम मागे घ्यायचा? मग उद्या जेवण आवडलं नाही म्हणून दंगल करतील.

---

सुपर्ण

मागे घ्या असं कुठे म्हटलं मी? व्हिक्टोरियाने पण घेतला नाही, न्यू साउथ वेल्सने तर पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये लागू केला आणि तिथे तसं काही झालं नाही. म्हणजे नियम राबवता येतो. कसा राबवायचा हा प्रश्न आहे, आणि तुमच्या 'भोगू दे' मध्ये त्याचं उत्तर नाही.

---

डॉ_निशाचर

रात्रपाळी चालू आहे, जरा निवांत आहे तेवढ्यात लिहून घेतो. मानसोपचाराकडे काम करतो, तुरुंगातून आणलेले पेशंटही बघितलेत.

आधी निकोटीनबद्दल. झुरका मारला की दहा-वीस सेकंदात निकोटीन मेंदूत पोचतं, इंजेक्शनपेक्षा वेगळी गत नाही. आणि दोनेक तासात रक्तातलं निम्मं उतरतं. म्हणून तर ओढणाऱ्याला दिवसभर पुन्हा पुन्हा लागते. उठल्या उठल्या किती वेळात पहिली पेटवता, या एका प्रश्नावरून माणूस किती अडकलाय याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, पाच मिनिटांच्या आत असेल तर प्रकरण घट्ट. बंद केल्यावर चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, भूक वाढणं, डोकं न चालणं हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि तीन-चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. म्हणजे रानजाईताईंनी लिहिलंय ते अगदी पुस्तकातल्यासारखं.

आता हे तुरुंगावर ठेवून बघा. अटकेनंतरचे पहिले काही दिवस हे एरवीही सगळ्यात धोक्याचे, आत्महत्येचा धोका त्या काळात सगळ्यात जास्त असतो हे जगभर माहीत आहे. नेमके त्याच दिवसांत निकोटीन उतरत असतं. चिडलेला, न झोपलेला कैदी म्हणजे 'उद्धट' किंवा 'नाटकी' असा शिक्का बसतो, प्रत्यक्षात तो विथड्रॉवलमध्ये, म्हणजे व्यसन अचानक तुटल्यावरच्या त्रासात, असू शकतो. दारू, अफू यांचा विथड्रॉवल आत आल्या आल्या विचारतात, तंबाखूचं कुणी विचारत नाही, कारण त्याने कुणी मरत नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आणि फारसा कुणाला माहीत नसलेला. सिगारेटच्या धुरातली जी टारसारखी द्रव्यं असतात (निकोटीन नव्हे, लक्षात घ्या) ती यकृतातल्या एका एन्झाइमला, सीवायपी१ए२ त्याचं नाव, कामाला जुंपतात. क्लोझापिन, ओलान्झापिन ही सायकोसिसची (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराची) औषधं तेच एन्झाइम फोडतं. त्यामुळे ओढणाऱ्या पेशंटला डोस जास्त लागतो. बंदीमुळे सिगारेट एका दिवसात बंद झाली की एन्झाइम काही दिवसांत थंडावतं, डोस तोच, आणि रक्तातलं औषध चढत जातं. झोपाळूपणा, लाळ गळणं, क्लोझापिनच्या बाबतीत फिट येईपर्यंत मजल जाऊ शकते. निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावून हे टळत नाही, कारण दोष निकोटीनचा नाहीच. आणि सुटल्यावर तो माणूस पहिल्याच दिवशी ओढायला लागला तर उलटं होतं, औषध उतरतं आणि आजार उसळतो. तुरुंगात मानसिक आजार असलेल्यांचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, तेव्हा बंदीची तारीख तिथल्या डॉक्टरला आधी कळायलाच हवी.

जाता जाता, कॅफीनही तेच एन्झाइम फोडतं. सिगारेट सोडली आणि चहा-कॉफी पूर्वीइतकीच ठेवली तर कॅफीन जवळजवळ दुप्पट चढतं, धडधड, झोप नाही. लोकांना वाटतं तलफेने होतंय.

---

रानजाई

काय सांगता डॉक्टर! तेव्हा मी दिवसभर चहाच पीत होते की, दुसरं करणार काय पडल्या पडल्या. आणि वर म्हणायची झोप का येत नाही.

---

टवाळ_पोर

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून कॉफी खाली ठेवली. सिगारेट ओढत नाही मी, तरी ठेवली.

---

वकिली_नजर

कायद्याच्या बाजूने थोडं. गंमत म्हणजे या विषयात कैदी दोन्ही बाजूंनी कोर्टात गेलेत.

न्यूझीलंडमध्ये आर्थर टेलर नावाचा कैदी, गुन्ह्यांची मोठी यादी असलेला आणि आत बसून कायदा शिकलेला. त्याने स्वतःच बंदीला आव्हान दिलं आणि २०१२ च्या शेवटी हायकोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, की तुरुंग व्यवस्थापकाने काढलेला हा नियम त्याच्या अधिकाराबाहेरचा आहे. सरकारने २०१३ मध्ये कायदाच बदलून घेतला, बंदी राहिली. म्हणजे टेलर जिंकला आणि सिगारेट मिळाली नाही.

इंग्लंडमध्ये याच्या उलट. २००७ ला सार्वजनिक ठिकाणी बंदी आली तेव्हा तुरुंगातल्या कोठडीला सूट होती. पॉल ब्लॅक हा वायमॉट तुरुंगातला न ओढणारा कैदी, त्याचं म्हणणं की हा कायदा तुरुंगातही पाळा, मला या धुराचा त्रास होतो. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो कायदा सरकारी तुरुंगांना बांधीलच नाही. ब्लॅक हरला. पण तोपर्यंत सरकारने स्वतःहून टप्प्याटप्प्याने तुरुंग धूरमुक्त करायला घेतलेच होते. म्हणजे तो हरला आणि त्याला हवं ते मिळालं! कायद्याचा अभ्यास करून केस पांढरे झाले, पण असा जोडा दुसरा बघितला नाही.

अमेरिकेत त्याच्याही आधी, १९९३ ला, हेलिंग विरुद्ध मॅककिनी. मॅककिनीच्या कोठडीतला साथीदार दिवसाला पाच पाकिटं ओढायचा. सुप्रीम कोर्ट म्हणालं की आज आजार झालेला नसला तरी पुढे होऊ शकणाऱ्या गंभीर नुकसानाकडे मुद्दाम डोळेझाक करणं ही सुद्धा क्रूर शिक्षा ठरू शकते. युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने रोमानियाच्या विरोधात २०१० (फ्लोरिया) आणि २०११ (एलेफ्तेरियादिस) असे दोन निकाल दिले, दोन्हीत आजारी कैद्यांना ओढणाऱ्यांबरोबर ठेवलं होतं.

तेव्हा खडूस काकांच्या 'भोगायला गेलेत' वर माझा आक्षेप असा, की शिक्षा न्यायाधीश देतो. धूर गिळणं शिक्षेत लिहिलेलं नसतं, तसंच उपचाराशिवाय तलफ सहन करणं हेही लिहिलेलं नसतं.

---

खडूस_काका

वकीलसाहेब, पहिला अर्धा भाग माझ्याच बाजूचा आहे की. पाच पाकिटंवाल्याबरोबर कोंडलेल्या माणसाचा विचार मी करतोय म्हणूनच बंदी हवी म्हणतो.

---

वकिली_नजर

त्या अर्ध्यावर भांडण नाहीच काका. दुसऱ्या अर्ध्याचं बोला.

---

हिशेबनीस

अवांतर आहे पण राहवत नाही. बंदीचा एक परिणाम कुणी लिहिलाच नाही, तुरुंगातला पैसा!

सिगारेट म्हणजे तुरुंगातली नोट. टिकाऊ, मोजायला सोपी, सगळ्यांना हवी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावणीत राहिलेल्या रॅडफर्ड नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये यावर लेख लिहिला, आजही अर्थशास्त्राच्या पोरांना वाचायला देतात. रेडक्रॉसच्या पार्सलातून सिगारेटी यायच्या आणि सगळ्या वस्तूंचे भाव सिगारेटीत ठरायचे. जोरदार हवाई हल्ले झाले की लोक घाबरून जास्त ओढायचे, म्हणजे चलनच जाळायचे, आणि मग भाव पडायचे. चांगल्या ब्रँडची सिगारेट ओढून टाकायची आणि भिकार होती ती देण्याघेण्यात फिरवायची, म्हणजे खोटा पैसा चांगल्या पैशाला हुसकावतो हा ग्रेशॅमचा नियम भर छावणीत.

आता अमेरिकेच्या फेडरल तुरुंगांतून २००४ च्या सुमारास सिगारेट गेली तर तिची जागा कुणी घ्यावी? पाकिटबंद बांगड्याने! पाकीट साधारण एक डॉलरला मिळायचं म्हणून हिशेब सोपा, आणि हौसेने खाणारे फार नसल्यामुळे साठा टिकून राहायचा. केस कापून घ्यायचे, दोन बांगडे. पुढे काही तुरुंगांत इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटांनी ती जागा घेतली.

---

टवाळ_पोर

बांगडा हे चलन असेल तर महागाईचा वास येतो म्हणतात तो खराच.

---

हिशेबनीस

=)) पण यात एक गंभीर मुद्दा पण आहे. सिगारेट चलनातून पूर्ण जात नाही, महाग होते. चोरून आत आली की बाहेरच्या कितीतरी पट दर. ज्याला तलफ अनावर होते तो उधारीवर घेतो, आणि तुरुंगातली उधारी काय असते, कशी वसूल होते हे सांगायला नको. बंदीच्या फायद्यातोट्याच्या हिशेबात ही उधारी कुणी धरतच नाही.

---

सावध_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. डॉक्टर आणि वकील एकाच धाग्यावर आणि अजून कुणी फी मागितली नाही.

---

आतली_नर्स

पहिल्यांदाच लिहितेय या साईटवर, फक्त वाचत असते. तुरुंगात नर्स आहे, कुठल्या देशात ते सांगत नाही, नोकरीचा प्रश्न आहे.

डॉ_निशाचर यांनी जे औषधांचं लिहिलंय ते आमच्याकडे झालं. क्लोझापिनवरच्या दोन पेशंटचे डोस कुणी वेळेत बघितले नाहीत, एकजण तर वॉर्डात बसल्या बसल्या झोपायचा, लाळेने शर्ट ओला, आणि गार्ड म्हणे हा काहीतरी चोरून घेतोय, कोठडीची झडती घ्या. रक्त तपासल्यावर कळलं.

बंदीच्या आधी पॅच वाटले, ते चांगलंच होतं. पण पुढे काय झालं ते ऐका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जे 'टीबॅको' म्हणून प्रसिद्ध झालं तो प्रकार. निकोटीनचा पॅच आणि चहाची पत्ती यांची भट्टी जमवायची, आणि बायबलचं पान पातळ म्हणून त्यात गुंडाळून ओढायची. त्या धुरात निकोटीन तर असतंच शिवाय फॉर्मल्डिहाइडसारखी विषारी द्रव्यंही, सिगारेट परवडली म्हणायची वेळ. लायटर नाही मग पेटवायचं कसं, तर विजेच्या वस्तूंशी खेळ करून ठिणगी काढतात, बोटं भाजून घेतलेले माझ्याकडेच येतात. मग काही ठिकाणी प्रशासनाने काय केलं, तर पॅच देणंच बंद केलं. म्हणजे ज्याने खरंच सोडायची म्हणून पॅच मागितला त्यालाही नाही. आमच्याकडे एकजण होता, बायकोला दमा म्हणून मनापासून सोडायला बघत होता, रोज माझ्यासमोर पॅच लावून घ्यायचा आणि जुना परत द्यायचा. त्यालाही त्या निर्णयात धरला. मी भांडले, उपयोग शून्य.

आणि कर्मचाऱ्यांचं पण बोला ना कुणीतरी. गार्डसुद्धा ओढणारे असतात, त्यांनाही आवारात बंदी. बारा तासांची ड्युटी आणि तलफेने कावलेला गार्ड, समोर तलफेने कावलेला कैदी. पहिले काही आठवडे मी कामावर निघताना देवाचं नाव घेऊन निघायचे. चोरून माल आत येतो तो कुठून येतो हा विषय मी काढत नाही.

पण हेही लिहिते, कारण एकतर्फी नको. माझे स्वतःचे सकाळचे खोकले थांबले. कपड्यांना केसांना वास येईनासा झाला, दम्याचे पंप मागायला येणारे कमी झाले. बंदी काढा म्हटलं तर मी नाही म्हणेन.

---

डॉ_निशाचर

नर्सताई, लिहीत राहा. जुना पॅच परत घेऊन नवा समोर लावणं ही साधी आणि चालणारी पद्धत आहे. पॅचचा गैरवापर होतो म्हणून पॅचच बंद करण्यापेक्षा निकोटीनची गोळी, लॉझेंज (चोखायची वडी) हे पर्याय आहेत, बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही तलफ कमी करणारी औषधंही आहेत. अर्थात बुप्रोपिऑन तुरुंगात स्वतः गैरवापराचं औषध होऊन बसतं, तेव्हा तेही समोर द्यावं लागतं.

तुमच्या सकाळच्या खोकल्याला मोजमापाचा आधार आहे. स्कॉटलंडमध्ये बंदीच्या आधी आणि नंतर तुरुंगातल्या हवेतले पीएम२.५ चे बारीक कण मोजले, पहिल्याच आठवड्यात ते सरासरी सुमारे ८० टक्क्यांनी खाली आले. अमेरिकेतल्या राज्यांच्या तुरुंगांवरचा २०१४ चा अभ्यास सांगतो की बंदी असलेल्या ठिकाणी धूम्रपानाशी निगडित मृत्यू ९ टक्क्यांनी कमी, आणि जिथे बंदीला नऊ वर्षांहून जास्त झाली तिथे कॅन्सरचे मृत्यूही कमी दिसले. म्हणून धागाकर्त्याचं 'आरोग्यासाठी म्हणतात ते पटत नाही' हे जरा जास्तच झालं. आत आहे तोवर फायदा होतो.

---

पाचवा_कोपरा

डॉक्टर, 'आत आहे तोवर' हेच तर मी विचारतोय!

---

विक्षिप्त_वांगं

बादवे, तो सिनेमात दाखवतात तसा शेवटची सिगारेट मागणारा फाशीचा कैदी... बंदी असेल तर त्याला पण नाही?

---

सुपर्ण

अमेरिकेत टेक्सासमध्ये तसं नाकारल्याचं वाचलंय. तब्येतीला घातक असते ना.

---

विक्षिप्त_वांगं

प्रतिसाद काढून टाकला आहे. (जोक फार काळा झाला होता.)

---

झुरळ_मारणारा

व्हेपचं कुणी बोलत नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंडने हुशारी केली, सिगारेट बंद करताना ई-सिगारेट कैद्यांना विकायला ठेवली, स्कॉटलंडने तर बंदीच्या सुमारास किट फुकट वाटले. स्कॉटलंडमध्ये साधारण ७० टक्के कैदी ओढणारे होते तरी मोठी गडबड न होता पार पडलं. मला तर हाच मार्ग दिसतो. जिथे व्हेप विकायलाच बंदी आहे (भारत त्यातलाच, २०१९ चा कायदा) तिथे तो मार्ग बंद, मग गोळी आणि पॅचवरच भागवायचं.

---

रानजाई

पण मग निकोटीन तसंच राहिलं ना हो. माणूस तेवढाच अडकलेला, फक्त धुराची वाफ झाली. आणि आत आल्यावर काही करायला नाही म्हणून नव्याने व्हेप धरणारे पण असतीलच.

---

झुरळ_मारणारा

ताई, जीव घेतो तो धूर. जाळण्याने जे होतं ते निकोटीनने होत नाही. आधी जीव वाचवू, अडकणं नंतर बघू.

---

डॉ_निशाचर

दोघेही बरोबर, म्हणून दोघांचंही भांडण मिटणार नाही. ज्या कैद्याला सुटायला दोन महिने आहेत त्याला बाहेर सिगारेटकडे जाऊ न देण्यासाठी व्हेप कामाचं. ज्याला सोडायचंच आहे त्याला हळूहळू निकोटीन उतरवत नेणारा कुणीतरी माणूस लागतो, आणि माणूस विकत ठेवता येत नाही म्हणून तो कधीच नसतो.

---

खडूस_काका

आणि त्या माणसाचा पगार कुणाच्या करातून? एक सरळ प्रश्न विचारतो, उपचार केला तर तो माणूस बाहेर जाऊन ओढत नाही असं कुठे दिसलंय का? आकडा द्या. नसेल तर आपण नुसतं चांगलं चांगलं बोलतोय.

---

निनावी_आज

माझा सख्खा भाऊ आत होता. केस सुटली, निर्दोष निघाला, तो विषय नको. तिथे बंदी होती. भेटायला जायचो तेव्हा सिगारेटबद्दल एक शब्द नसायचा, चेहरा भरलेला, गाल वर आलेले, मला वाटलं एवढं एक तरी बरं झालं. सुटला त्या दिवशी आणायला गेलो तर मी गाडी वळवेपर्यंत त्याने कुणाकडून तरी मागून घेतली होती. मी काही बोललो नाही. नंतर एकदा विचारलं तर म्हणाला, आत असताना डोक्यात दुसरं काही येऊ नये म्हणून रात्री झोपताना मी त्या पहिल्या सिगारेटचाच विचार करायचो.

खडूस काकांना: त्याला आत असताना एकदाही कुणी विचारलं नाही की तुला सोडायची आहे का.

---

खडूस_काका

भावाबद्दल वाईट वाटलं. मी कैद्यांना एका पारड्यात टाकून बोलतो हे घरीही ऐकतो. पण आकड्याचा प्रश्न कायम आहे.

---

डॉ_निशाचर

आकडा आहे काका. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या तुरुंगात, जिथे आधीपासून पूर्ण बंदी होती, सुटायला आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला, २०१३ मध्ये छापून आला. सगळे सक्तीने का होईना न ओढणारे झालेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला आरोग्याचे व्हिडिओ दाखवले. दुसऱ्याला सुटण्याआधी सहा वेळा समुपदेशन, बाहेर गेल्यावर कोण भेटणार, कुठे हात जाणार, तेव्हा काय करायचं याची तयारी. सुटल्यावर तीन आठवड्यांनी व्हिडिओवाल्यांतले ७ टक्के न ओढता राहिले होते. समुपदेशनवाल्यांतले २५ टक्के.

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्या ७ मध्ये आहे. नुसत्या बंदीने महिनोन् महिने न ओढलेले शंभर लोक बाहेर सोडले तर तीन आठवड्यांत त्र्याण्णव परत ओढू लागतात.

---

पाचवा_कोपरा

हे हवं होतं. म्हणजे विथड्रॉवल कधीच संपलेला, शरीर कोरडं झालेलं, तरी त्र्याण्णव.

---

खडूस_काका

आणि समुपदेशन करून सुद्धा पंच्याहत्तर परत ओढतात, हेही लिहा की.

---

डॉ_निशाचर

लिहितो, परत ओढतातच. बाहेर स्वतःच्या मर्जीने सोडायला निघालेल्यांचंही पहिल्या प्रयत्नात फार वेगळं होत नाही, रानजाईताईंना विचारा. पण फक्त सहा बैठकांत सातचे पंचवीस होत असतील तर मी तरी ते सोडणार नाही.

---

रानजाई

विचारू नका, पहिल्या प्रयत्नाला मी धरतच नाही :)

---

आतली_नर्स

आमच्याकडे सुटायच्या आधी एक यादी भरतात, राहायला कुठे जाणार, औषधं किती दिवसांची दिली, दारूबद्दल, ड्रग्जबद्दल, फोन नंबर. त्यात तंबाखूचा रकानाच नाही, कारण कागदोपत्री आत कुणी ओढत नाही! उद्या ड्युटीवर त्या कागदाच्या समासात हाताने लिहायला सुरुवात करणार आहे. बघू साहेब काय म्हणतात ते.

---

टवाळ_पोर

समासात लिहिताना पेन्सिल वापरू नका ताई, त्याची पण ठिणगी काढतील.

---

आतली_नर्स

:) पेन्सिली मोजून देतात आमच्याकडे.

---

हिशेबनीस

पेन्सिलीचा बांगड्यात भाव काय चाललाय सध्या?